गॉनरिल, रेगन आणि एडमंड खरोखरच इतके वाईट आहेत का? ‘किंग लिअर’मधील खलपात्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न मुळात निर्माणच का होतो? मुलींनी म्हाताऱ्या बापाला वादळात घराबाहेर काढले, यात वादाला जागा कुठे आहे?

वादाला जागा खुद्द शेक्सपिअरने ठेवली आहे. नाटक न वाचलेल्या माणसालाही ‘मुलींनी बापाला हाकलले’ एवढे ठाऊक असते. परंतु संहिता उघडून दुसऱ्या अंकाचा शेवट पाहिला, तर लिअर स्वतः संतापून निघून जातो आणि तो गेल्यावर दार लावून घेतले जाते, असे दिसते. हाकलणे आणि गेलेल्याच्या पाठीमागे दार लावणे यांत अधिक क्रूर काय, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगते. गॉनरिल आणि रेगन यांची दुष्कीर्ती त्यांच्या पुढच्या कृत्यांसाठी पूर्णपणे रास्त आहे. तीच दुष्कीर्ती पहिल्या प्रवेशापासून त्यांच्या माथी मारली जाते, हे मात्र रास्त नाही. एडमंडच्या बाबतीत याच्या उलट घडते. त्याच्या वाट्याला हवी त्यापेक्षा जास्त सहानुभूती येते.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात काय आहे?

ब्रिटनचा वृद्ध राजा लिअर तीन मुलींमध्ये राज्य वाटायला बसतो आणि तुमचे माझ्यावर किती प्रेम आहे ते सांगा, असे म्हणतो. थोरली गॉनरिल आणि मधली रेगन तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डिलिया आपल्याला काहीच सांगायचे नाही, असे म्हणते आणि वारसा गमावते. राजा आळीपाळीने दोघींकडे राहायचे ठरवतो, खटके उडतात, तो वादळात माळरानावर भटकतो आणि त्याचे भान सुटते. समांतर कथानकात ग्लॉस्टर हा उमराव आपल्या अनौरस मुलाच्या, एडमंडच्या, कपटाला भुलून औरस मुलावर, एडगरवर, मारेकऱ्याचा आळ घेतो आणि पुढे स्वतःचे डोळे गमावतो. नाटक 26 डिसेंबर 1606 रोजी राजा पहिला जेम्स याच्या दरबारात सादर झाल्याची नोंद आहे. मराठीत ते वाचायचे असेल, तर विंदा करंदीकर यांनी केलेला अनुवाद आहे.

पहिल्याच प्रवेशात दोघी धडधडीत खोटे बोलतात. त्या तिथेच दोषी ठरत नाहीत का?

खोटे बोलतात, हे खरेच. पण ते कोणत्या परिस्थितीत, हे पाहावे लागते. नाटकाच्या अगदी पहिल्या काही ओळींत राजाचा निष्ठावंत उमराव केंट आणि ग्लॉस्टर बोलतात की दोन्ही जावयांचे वाटे इतके तोलून काढले आहेत की त्यांत डावे-उजवे करता येत नाही. म्हणजे वाटणी आधीच ठरलेली आहे आणि प्रेमाची परीक्षा हा भर दरबारात उरकायचा एक समारंभ आहे. सिंहासनावर बसलेला बाप, समोर नकाशा, भोवती सारे मानकरी, आणि बोलायची पाळी आधी थोरलीची. अशा वेळी राजाला हवे ते न बोलण्याचा परिणाम काय होतो, हे थोड्याच वेळात कॉर्डिलियाच्या आणि तिची बाजू घेणाऱ्या केंटच्या बाबतीत दिसतेच.

या प्रवेशाच्या शेवटी दरबार पांगल्यावर दोघी बहिणी एकमेकींशी बोलतात, तो छोटा गद्य संवाद बहुतेक वाचक घाईने ओलांडतात. मिळालेल्या राज्याचा आनंद त्यात कुठेही नाही. वडिलांनी सर्वांत लाडक्या मुलीला इतक्या अविचाराने टाकले, वयाबरोबर त्यांचा लहरीपणा वाढत चालला आहे, आणि मुळातच त्यांनी स्वतःला कधी नीट ओळखले नाही, असे त्या म्हणतात. लिअरचे याहून अचूक निदान संपूर्ण नाटकात दुसरे कोणी केलेले नाही. त्यांच्या बोलण्यात थंडपणा आहे, बापाविषयी माया नाही, हे मान्य; पण ही दोन भेदरलेल्या, हिशेबी बायकांची भाषा आहे, राक्षसिणींची नव्हे.

शंभर शिलेदारांच्या वादात चूक कोणाची?

मूळ नाटकातील ‘नाइट’साठी मी शिलेदार हा शब्द वापरते, कारण माणसाबरोबर घोडा आणि त्याचा चंदीचारा डोळ्यांसमोर यावा. लिअरने राज्य दिले, अधिकार दिला, उत्पन्न दिले. राजा हे नाव आणि शंभर शिलेदार तेवढे स्वतःकडे ठेवले, आणि त्यांचा खर्च मुलींनी सोसावा अशी अट घातली. एकेका महिन्याने तो एकेकीकडे राहणार होता. प्रत्यक्षात पंधरवडाही निघत नाही.

गॉनरिलची तक्रार अशी की हे लोक धिंगाणा घालतात, तिचा वाडा म्हणजे त्यांना गुत्ता वाटू लागला आहे, आणि वडील सोडून दिलेला अधिकार पुन्हा गाजवू पाहतात. ती रंगमंचावर प्रथम घरधनीण म्हणून दिसते, तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न असतो की माझ्या माणसाने विदूषकाला टोकले म्हणून वडिलांनी त्याला मारले का, आणि उत्तर येते, होय. आपल्याकडे ताट द्यावे पण पाट देऊ नये, असे म्हणतात. लिअरने पाट देऊन टाकला आणि तरीही पंगत आपल्याच हुकमाने उठावी-बसावी, अशी त्याची अपेक्षा राहिली.

मग शिलेदार खरोखरच धिंगाणा घालत होते का? इथे शेक्सपिअरने मुद्दाम धूसरता ठेवली आहे. लिअर म्हणतो, ही निवडक, कर्तव्यदक्ष माणसे आहेत. रंगमंचावर त्यांच्यातला एकच शिलेदार काही बोलतो, आणि तो अतिशय अदबीने राजाच्या लक्षात आणून देतो की आपली बडदास्त पूर्वीसारखी राखली जात नाही. हा पुरावा लिअरच्या बाजूने जातो. शिवाय गॉनरिल आपल्या नोकरांना राजाशी हयगयीने वागायला सांगते, म्हणजे ठिणगी पडावी अशी तिचीच इच्छा आहे, हेही संहितेतच आहे. माझ्या मते तक्रार खरी आहे आणि ती सोडवण्याची पद्धत कुटिल आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि घराघरातून त्या तशाच असतात.

लिअरचा शाप तिला शोभणारा नव्हता का?

शाप कधी दिला जातो, ते पाहावे. गॉनरिलने तोपर्यंत कटू शब्द ऐकवले आहेत आणि शिलेदारांची संख्या कमी करण्याचा आग्रह धरला आहे. त्यापलीकडे तिच्या हातून काहीही घडलेले नाही. आणि बाप निसर्गदेवतेला हाक मारून मागणे मागतो की हिची कूस वाळून जावी, आणि मूल झालेच तर ते हिला आयुष्यभर छळणारे निघावे. आमच्या वाचनगटात हा उतारा मोठ्याने वाचला गेला, तेव्हा तोपर्यंत लिअरच्या बाजूने बोलणाऱ्या एक ज्येष्ठ बाई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘पोटच्या मुलीला कोणी असे बोलते का?’ त्या प्रश्नाला मला अजूनही उत्तर सापडलेले नाही.

तर मग गॉनरिल आणि रेगन निर्दोष आहेत, असे म्हणायचे का?

नाही. त्यांच्या बाजूने बोलणारे काही वाचक या टोकाला जातात, पण संहिता ती मुभा देत नाही. दोन जागा अशा आहेत, जिथे सारी तक्रार, सारे बालपण आणि बापाचा सारा पक्षपात अपुरा पडतो.

पहिली जागा दाराची. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस दोघी मिळून शिलेदारांची संख्या उतरवत नेतात. गॉनरिलने पन्नासवर आणलेली संख्या रेगन पंचवीसवर आणते. लिअर लगेच गॉनरिलकडे वळून म्हणतो की तुझे पन्नास हे हिच्या पंचविसांच्या दुप्पट, म्हणजे तुझे प्रेमही दुप्पट. इतके होऊनही तो प्रेम आकड्यांतच मोजतो आहे. मग गॉनरिल विचारते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? आणि रेगन म्हणते, एक तरी कशाला? हा लिलाव इथपर्यंत व्यवहाराचा वाटू शकतो. पण लिअर वादळात निघून जातो आणि ग्लॉस्टर कळवळून सांगतो की कित्येक मैल झुडूपसुद्धा नाही, तेव्हा रेगन म्हणते की हट्टी माणसांनी स्वतःवर ओढवून घेतलेली दुखणीच त्यांना शहाणी करतात, दारे लावून घ्या. हे घर रेगनचे नाही, ग्लॉस्टरचे आहे. यजमानाला त्याच्याच घराचे दार एका म्हाताऱ्याच्या तोंडावर लावायला सांगितले जाते, आणि तिथे शिलेदारांच्या खर्चाचा प्रश्न उरलेलाच नसतो.

दुसरी जागा डोळ्यांची. ग्लॉस्टरने राजाला मदत केल्याचे कळताच रेगन म्हणते, ताबडतोब फाशी द्या. गॉनरिल म्हणते, डोळे काढा. पहिल्या प्रवेशात हीच गॉनरिल वडिलांना सांगत होती की तुम्ही मला माझ्या दृष्टीपेक्षाही प्रिय आहात. सुचवून ती निघून जाते. प्रत्यक्ष कृत्य रेगनचा नवरा कॉर्नवॉल करतो. खुर्चीला बांधलेल्या म्हाताऱ्याची दाढी रेगन उपटते. एक डोळा गेल्यावर ती म्हणते की एक बाजू दुसरीला हसेल, तोही काढा. त्या वेळी कॉर्नवॉलचा एक चाकर, ज्याला नाटकात नावसुद्धा नाही, लहानपणापासून मालकाची सेवा केलेला, पुढे होऊन मालकावर तलवार उपसतो आणि त्याला प्राणघातक जखम करतो. रेगन दुसऱ्याची तलवार घेऊन त्या चाकराला पाठीमागून मारते. एका गावंढळाने असे उभे राहावे, याचाच तिला संताप येतो. मग दुसरा डोळा जातो, ग्लॉस्टर एडमंडला हाक मारतो, आणि त्यानेच तुला पकडून दिले, हे रेगन त्याला आवर्जून सांगते. त्या माहितीची गरज नव्हती. तिने ती केवळ दुखावण्यासाठी दिली.

दोघींमध्ये काही फरक आहे का, की त्या एकाच छापाच्या आहेत?

मोठा फरक आहे. गॉनरिल योजना आखते, धोका पत्करते, आणि आपले हेतू फारसे लपवत नाही. नवरा अल्बनी नेमस्त निघाला म्हणून ती त्याला भित्रा म्हणते. रेगन आधी मागे राहते, बहिणीचे शब्द उचलते आणि तेच एक पायरी पुढे नेते. दरबारातही ती म्हणते की थोरलीने माझ्याच मनातले सांगितले, फक्त थोडे कमी सांगितले. केंटला दुपारपर्यंत खोड्यात घालायचे ठरते, तेव्हा ती म्हणते, रात्रीपर्यंत, आणि रात्रभरसुद्धा. गॉनरिल महत्त्वाकांक्षेने बिघडत जाते, तर रेगनला दुसऱ्याच्या वेदनेची चव आहे, असे मला वाटते. आंधळ्या ग्लॉस्टरला जिवंत सोडल्याचा तिला पुढे पश्चात्ताप होतो, पण तो जाईल तिथे लोकांची मने आपल्याविरुद्ध फिरवतो, एवढ्याचसाठी.

नाटकाच्या दोन वेगवेगळ्या छापील संहिता आहेत, हे खरे आहे का? त्याने काय फरक पडतो?

खरे आहे, आणि या चर्चेत तो फार महत्त्वाचा मुद्दा आहे. 1608 सालची छोट्या आकाराची क्वार्टो प्रत आणि 1623 सालची मोठी फोलिओ प्रत यांत शेकडो ओळींचा फरक आहे. क्वार्टोतल्या सुमारे 300 ओळी फोलिओत नाहीत, आणि फोलिओतल्या सुमारे 100 ओळी क्वार्टोत नाहीत.

आता हे पाहा. शंभर सशस्त्र शिलेदार बाळगून लिअर आमचे जीव मुठीत धरू शकेल, ही गॉनरिलने नवऱ्याला दिलेली सुरक्षेची सबब फोलिओतच आहे. माझ्या बहिणीने तुमच्या माणसांच्या दंगलीला आवर घातला असेल तर त्याला कारण असणार, हे रेगनचे उत्तरही फोलिओतच आहे. चौथ्या अंकात अल्बनी गॉनरिलला झोडपून काढतो, मुली नव्हे वाघिणी म्हणतो, तो मजकूर क्वार्टोत बराच लांब आहे आणि फोलिओत तो कापला आहे. म्हणजे फोलिओत तिची बाजू किंचित अधिक ऐकू येते आणि तिच्यावरची फटकार कमी होते. अर्थात क्वार्टोतही तिला अनुकूल ओळी आहेत. दिलेले अधिकार पुन्हा गाजवू पाहणारा म्हातारा, हे तिचे बोल तिथलेच. बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत दोन्ही संहिता एकत्र शिवलेल्या असतात, म्हणून हा फरक वाचकाच्या नजरेस येत नाही.

डोळे काढल्यानंतरची एक गोष्ट फक्त क्वार्टोत आहे: मागे राहिलेले दोन चाकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाच्या धाग्यांचा बोळा आणि अंड्याचा पांढरा भाग आणायचे ठरवतात. मला हा प्रसंग गाळलेला आवडत नाही. खलपात्रांचे माप त्या अंड्याच्या पांढऱ्या भागाशेजारी ठेवून घ्यावे.

एडमंडवर समाजाने अन्याय केला. मग त्याला खलनायक का म्हणायचे?

अन्याय झाला, यात शंका नाही. नाटक सुरू होते तेच त्याच्या अपमानाने. ग्लॉस्टर मुलाच्या देखत केंटला सांगतो की याच्या जन्मामागे चांगली मौज झाली होती, आणि हा नऊ वर्षे बाहेर होता, पुन्हा बाहेरच जायचा आहे. एडमंड तिथे उभा आहे, अदबीने बोलतो आहे. त्या काळच्या इंग्लिश कायद्यानुसार अनौरस मुलाला बापाचा वारसा मिळत नसे. त्यामुळे पुढच्याच प्रवेशात तो विचारतो की भावाहून मी वर्षभराने धाकटा, माझे अवयव तसेच, बुद्धी तशीच, मग मी हीन का, तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूला झुकतात. ‘लेकावळा’ हा शब्द ज्यांनी गावात शिवीसारखा फेकला जाताना ऐकला आहे, त्यांना हे स्वगत जास्तच लागते.

पण स्वगत ही एक सोय आहे, जी दोघी बहिणींना मिळालेली नाही. एडमंड आपल्याशी थेट बोलतो, हसवतो, बेत सांगतो. गॉनरिल-रेगन यांना असे आपल्यापाशी मन मोकळे करायला शेक्सपिअरने जवळजवळ जागाच दिलेली नाही. म्हणून त्याची बाजू आपल्याला पाठ होते आणि त्यांची शोधावी लागते. त्याची कृत्ये मोजली, तर तो त्यांच्या मागे नाही. निरपराध भावाला तो देशोधडीला लावतो. बापाने विश्वासाने सांगितलेले गुपित तो कॉर्नवॉलला विकतो आणि बापाची उमरावकी घेतो. कॉर्डिलिया आणि लिअर यांना तुरुंगात मारण्याचा हुकूम तोच देतो.

पण मरताना तो पश्चात्ताप करतो ना?

करतो, पण त्याची वेळ पाहा. एडगरच्या तोंडून बापाच्या मृत्यूची हकीकत ऐकून एडमंड म्हणतो की तुझ्या बोलण्याने माझे मन हलले आहे, त्यातून कदाचित काही भले होईल. त्याच क्षणी तो हुकूम मागे घेता, तर कॉर्डिलिया वाचली असती. तो म्हणतो, पुढे बोल. मग एडगर केंटची कहाणी सांगतो, एक माणूस रक्ताळलेला सुरा घेऊन धावत येतो, एडमंडवरच जीव जडलेल्या दोघींपैकी गॉनरिलने रेगनला विष देऊन स्वतःला भोसकल्याचे कळते, दोघींची प्रेते आणली जातात, आणि एडमंड म्हणतो, तरीही एडमंडवर कोणाचे तरी प्रेम होते. त्यानंतर कुठे त्याला आपला हुकूम आठवतो. आधी प्रेम मिळाल्याची खूणगाठ, मग दया. हा माणूस मला समजतो, त्याच्याविषयी मला वाईटही वाटते, पण त्या मधल्या मिनिटांची किंमत दुसऱ्या कोणी गळफासाने चुकवली, हे मला विसरता येत नाही.

ओसवाल्ड हा गॉनरिलचा कारभारी इतका तिरस्करणीय का मानला जातो?

त्याच्यावर मात्र अन्याय होतो. तो हुकमाचा ताबेदार आहे, उर्मट आहे, आणि आंधळ्या ग्लॉस्टरला मारून बक्षीस मिळवायला धावतो, हे नीचच. परंतु केंट ज्या स्वामिनिष्ठेसाठी पूजला जातो, तीच ओसवाल्डपाशीही आहे. मरता मरता तो, ज्याने त्याला मारले त्यालाच विनवतो की ही पत्रे योग्य माणसाकडे पोहोचव. त्याची निष्ठा चुकीच्या दारी गेली. खरा धसका वाटावा, तर तो कॉर्डिलियाला फाशी देणाऱ्या बिननावाच्या कप्तानाचा: गाडी ओढणे आणि वाळलेले ओट खाणे मला जमत नाही, पण माणसाचे काम असेल तर करतो, असे म्हणून तो निघतो.

या खलपात्रांची बदनामी रंगभूमीने वाढवली का?

काही अंशी. 1681 मध्ये नेहम टेट या कवीने नाटक बदलून सुखान्त केले. त्यात लिअर जगतो आणि कॉर्डिलियाचे एडगरशी लग्न ठरते. मूळ शोकान्त शेवट 1823 मध्ये एडमंड कीन या नटाने आणि विदूषकासह बराचसा मूळ मजकूर 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाने परत आणला. दीड शतक ज्या प्रयोगात सज्जनांना बक्षीस मिळत होते, त्यात दुर्जनांना दुसरी बाजू असण्याचे कारणच नव्हते. 1962 मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रूक याने पॉल स्कोफिल्डला लिअरच्या भूमिकेत घेऊन केलेल्या प्रयोगात याच्या उलट केले: लिअर जेवणाचे टेबल उलथतो, शिलेदार गॉनरिलच्या वाड्याची नासधूस करतात, आणि प्रेक्षकाला तिची तक्रार डोळ्यांनी दिसते. त्याच प्रयोगात ब्रूकने चाकरांची ती शुश्रूषा गाळली, हे मला पटत नाही.

मराठी प्रेक्षक या नाटकाकडे ‘नटसम्राट’मधून पाहतो, त्याने काय होते?

वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिकेने रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून आपल्याकडे लिअर म्हटले की अप्पासाहेब बेलवलकर आठवतात. अप्पासाहेबांच्या मुलांनी कोणाचे डोळे काढलेले नाहीत. तिथला घाव मुलीच्या घरी आलेल्या चोरीच्या आळाचा आहे. त्यामुळे आपण शेक्सपिअरकडे वळतो तेव्हा आईबापांना विचारेनाशी झालेली मुले मनात घेऊनच वळतो, आणि गॉनरिलने पहिले वाक्य उच्चारण्याआधीच निकाल लागलेला असतो. ‘नटसम्राट’वर माझे प्रेम आहे; पण लिअर हा राजा आहे, त्याच्या पदरी सशस्त्र माणसे आहेत, आणि त्याचा लहरीपणा एका घरापुरता राहत नाही.

दोघींचा मृत्यू रंगमंचावर दाखवलेला नाही, मग त्यांची प्रेते का आणली जातात?

जिवंत असोत वा मृत, त्यांना समोर आणा, असा अल्बनीचा हुकूम असतो. चेहरे झाका, असेही तो सांगतो. थोड्याच वेळात लिअर कॉर्डिलियाला हातांवर घेऊन येतो, आणि पहिल्या प्रवेशानंतर प्रथमच तिन्ही मुली बापासमोर एकत्र असतात. केंट त्याला सांगतो की तुमच्या थोरल्या मुलींनी आपल्याच हातांनी स्वतःचा नाश करून घेतला. लिअर एवढेच म्हणतो, ‘हो, मलाही तसे वाटते,’ आणि पुन्हा कॉर्डिलियाच्या ओठांशी श्वास शोधू लागतो.